कळा आणि रंग : उतरलेल्या चेहऱ्याचा इतिहास

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय वाचून काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं निस्तेज चेहऱ्यावर काय बोलावं? संयोजकांना मी विषय सांगितला तेव्हा तेही जरा थबकले. म्हणाले, "सर, हे तर पार्लरवाल्यांचं काम." मी म्हणालो, तेच सांगायला येतोय. हे काम पार्लरवाल्यांकडं कधी गेलं, कसं गेलं आणि जाताना वाटेत काय सांडलं, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि शेवटी तो जिवाचाही प्रश्न आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडं काय म्हणतात? "पोरीच्या तोंडावर कळा नाही." "बाळंतपणानं बाईची पार रया गेली." "आज चेहऱ्यावर तेज नाही, तोंड उतरलंय." आपण निजामाच्या मुलखातली माणसं, म्हणून "चेहऱ्याचा नूर पालटला" हेही आपल्या तोंडी आहे. आणि कळा गेल्यावर मागं जे उरतं, त्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : अवकळा.

आता या शब्दांकडं नीट पाहा. कळा, रया, तेज, नूर. यातला एकही शब्द रंगाचं नाव नाही. कळा चंद्राची असते. तेज दिव्याचं असतं. नूर म्हणजे अरबीत प्रकाश. सावळ्या माणसाच्या तोंडावर कळा असू शकते आणि गोऱ्यापान माणसावर अवकळा येऊ शकते. आपल्या आज्यांना हा फरक शिकवावा लागत नव्हता. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, गेल्या शंभर वर्षांत हा फरक बुजत गेला. चेहरा निस्तेज दिसतो म्हणजे तो काळा पडला, आणि उपाय म्हणजे तो गोरा करणं, अशी समजूत रुजली. त्या समजुतीची किंमत बायकांनी मोजली.

जुन्या ग्रंथांत याबद्दल काय आहे? चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा भाग आहे. तो सौंदर्याचा भाग नव्हे. रोगी जगेल की जाईल, याची चिन्हं वैद्यानं कशी वाचावीत, त्याचा तो भाग आहे. तिथं तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : वर्ण, छाया आणि प्रभा. वर्ण म्हणजे अंगाचा रंग. छाया जवळून दिसते आणि वर्णाला झाकून टाकते. प्रभा लांबूनही दिसते आणि वर्णाला उजळवते. म्हणजे रंग एक आणि त्या रंगावर खेळणारा प्रकाश दुसरा. आमच्या क्षेत्रात याला भेद करणं म्हणतात, आणि भेद करता येणं ही विचाराची पहिली पायरी असते.

आता, जुन्या लोकांना रंगाची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. त्याच चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या दहा औषधींचा गण आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ आहे. वाग्भटाच्या ग्रंथात केशराचं कुंकुमादी तेल आहे, ते आजही दुकानात मिळतं. हौस होतीच. पण हौसेच्या शेजारी निदान बसलेलं होतं. एक उदाहरण देतो. बायकांच्या गालांवर काळसर डाग येतात, त्याला आपण वांग म्हणतो. हा शब्द संस्कृतातल्या 'व्यंग' या रोगनावावरून आला. सुश्रुतानं त्याचं कारण काय दिलंय? क्रोध आणि आयास. संताप आणि कष्ट. आजचे त्वचारोगतज्ज्ञ ऊन, गरोदरपण आणि संप्रेरकं ही कारणं सांगतील, आणि ते बरोबर आहेत. पण तोंडावरचा डाग पाहून वैद्य विचारतो, "बाई, तुला कष्ट किती? तुझा जीव कशानं जळतो?" हे विचारणं मला मोलाचं वाटतं. पार्लरमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरं उदाहरण पांडुरोगाचं. अंग पांढरं-पिवळं पडतं, धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं. चरकानं त्याचे पाच प्रकार सांगितले. त्यातला एक माती खाल्ल्यानं होणारा. आपल्याकडं गरोदर बाई भिंतीची माती, पाटीवरची पेन्सिल खाते, ते आपण "डोहाळे" म्हणून हसण्यावारी नेतो. आजचं वैद्यक सांगतं की, अंगात लोह कमी झालं की अशी वासना होते. त्या काळी कारण-कार्याची दिशा उलटी लावली असेल, पण माती आणि पांडुरोग यांची जोडी त्यांनी हेरली होती. आणि त्यावर औषध म्हणून लोहाचे कल्प दिले होते. म्हणजे निस्तेज चेहऱ्याला पोटात घ्यायचं औषध. लेप नव्हे.

लेपाचाही मान होता. आपण बसलोय तो मुलूख एके काळी कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या उपभोगांत स्नान आणि विलेपन यांना स्वतंत्र जागा आहे. तेच ज्ञान सामान्य घरात उतरलं ते दिवाळीच्या उटण्यात. तेल चोळायचं, मग चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांची भरड लावायची. दिवाळीलाच का? कारण थंडी सुरू होते आणि कातडी फुटायला लागते.

यामागचं काम साधं आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नवी पेशी वर यायला तरुणपणी साधारण महिना लागतो, वय झालं की त्याहून जास्त. वरचा थर ओलसर आणि सपाट असला की उजेड त्यावरून सरळ परततो. तो कोरडा, खवलेदार झाला की उजेड विखुरतो, आणि चेहरा राखेसारखा दिसतो. त्याच्या खाली रक्ताची लाली असते. आणि तिसरं, जन्मतः आलेलं रंगद्रव्य. उटणं फक्त पहिल्या थराचं काम करतं. रक्ताची लाली ताटातून येते. आणि तिसऱ्याला, म्हणजे रंगाला, औषधाची गरजच नाही.

हे पाहायचं असेल तर अजिंठ्याला जा. १७ क्रमांकाच्या लेण्यात आरशात पाहणाऱ्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र आहे. त्या भिंतींवर राजघराण्यातल्या स्त्रिया सावळ्या आहेत, गव्हाळ आहेत, गोऱ्याही आहेत. चित्रकारानं नाकावर, ओठांवर, हनुवटीवर उजळ रंगाचा हलका स्पर्श दिलाय. त्यानं रंग बदलला नाही, त्यावर उजेड ठेवला. आणि लांब कशाला जाता, आषाढीला आपण ज्याच्या दर्शनाला चालत जातो तो सावळाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई त्याच्या रंगाची तक्रार घेऊन कधी गेली नाही.

मग बिघडलं कुठं? त्यासाठी मराठवाड्यातून मुंबईला जावं लागतं, कारण आधुनिक बाजार आधी तिथं उभा राहिला. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' नावाचं क्रीम काढलं. स्नो म्हणजे बर्फ. लावल्यावर चेहऱ्यावर पातळ, पांढुरका थर बसायचा आणि चकाकणारा घाम-तेल दिसेनासं व्हायचं. ही बाटली इतकी लोकप्रिय झाली की 'स्नो-पावडर' हा मराठीतला जोडशब्दच झाला. १९५२ च्या मिस इंडिया स्पर्धेला याच अफगाण स्नोचा आश्रय होता. त्यात वाईट काही नव्हतं. शहरातल्या बाईला स्वतःसाठी दोन आण्यांची हौस करता आली, याचा मला आनंदच आहे. पण नावातच रंग आला, हे लक्षात ठेवा.

त्याच मुंबईत त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम सुरू केलं. प्रश्न होता गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा. परळ म्हणजे गिरणगाव. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक बाळंतपणात दगावत. ल्युसीबाईंनी आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्यांनी बायकांचं ताट पाहिलं. तसाच निकस आहार प्रयोगशाळेत उंदरांना दिला, तर उंदरांनाही पांडुरोग झाला. यीस्टचा अर्क दिल्यावर तो हटला. मग त्यांनी 'मार्माइट' नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क बायकांना दिला. बायका सुधारल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्या अर्कात काय होतं, ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज जगभर प्रत्येक गरोदर बाईला ही गोळी देतात. तिचा उगम आपल्या परळच्या कामगार बायकांच्या उतरलेल्या चेहऱ्यांत आहे.

मंडळी, एकाच शहरात, एकाच काळात दोन बाटल्या होत्या. एक चेहऱ्यावर पांढरा थर देत होती, दुसरी चेहऱ्याखाली रक्त भरत होती. पहिलीचं नाव घरोघरी गेलं. दुसरीचं नाव दवाखान्यातच राहिलं.

न्यायशास्त्रात एक दृष्टांत आहे, मी तो वर्गात किती वेळा सांगितला असेल त्याला गणती नाही. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे असं आपण अनुमान करतो. धूर हे चिन्ह, आग हे कारण. निस्तेज चेहरा हा धूर आहे. आता समजा, एखादा माणूस डोंगरावर गेला आणि सुपानं धूर हाकलत बसला. धूर थोडा वेळ पांगेल. आग तिथंच राहील. आपण शंभर वर्षं बव्हंशी सुपं विकत घेतोय.

पुढचा इतिहास तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे. १९५२ साली त्याच परळमध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी विको कंपनीची सुरुवात केली. पुढं सत्तरच्या दशकात त्यांचं हळदीचं क्रीम आलं. मराठी घरातलं हळद-चंदन ट्यूबमध्ये बसलं. मग सरकारशी वाद झाला : हे औषध की प्रसाधन? कारण दोन्हींवरचा कर वेगळा. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि कंपनीच्या बाजूनं सुटला. कराचा खटला होता, पण प्रश्न खोल होता. चेहऱ्याला लावायची वस्तू शोभेसाठी की आरोग्यासाठी, हे कोर्टाला ठरवावं लागावं, इतका आपला गोंधळ झाला होता.

१९७५ साली हिंदुस्तान लिव्हरनं 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणलं. इथं मात्र कळा आणि रंग यांच्यातली भिंत पूर्ण पडली. जाहिरातीतली मुलगी आधी उदास, सावळी. नंतर आनंदी, गोरी, आणि लग्न किंवा नोकरी ठरलेली. दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या : उदासपणा आणि सावळेपणा. २०२० साली त्याच क्रीमचं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. ४५ वर्षांनी गोरेपणाचा शब्द गेला आणि तेजाचा शब्द परत आला. शब्द परत आला, ही चांगली गोष्ट. पण तेज ट्यूबमध्ये असतं ही समजूत गेली नाही.

आता आपल्या गावाकडं येऊ. १९७२ चा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. मी तेव्हा विशीत होतो. खडी फोडायच्या कामावर बायकांच्या रांगा, डोक्यावर ऊन, पाठीला लेकरू. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सुकडी वाटली जायची, आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. घरी जे शिजायचं ते आधी म्हाताऱ्यांना, मग गड्यांना, मग लेकरांना. भांडं खरवडून जे निघेल ते बाईला.

माझ्या थोरल्या बहिणीला त्या वर्षात पाहायला येत होते. दोन ठिकाणांहून निरोप आला, "पोरगी चांगली, पण तोंडावर कळा नाही." मग आमच्या आईनं साय-हळद सुरू केली, डाळीचं पीठ सुरू केलं. शेजारणीनं शहरातून स्नोची बाटली आणून दिली. तीन महिने रोज संध्याकाळी ती चुलीपुढं बसून तोंड चोळायची. घरातल्या एकालाही, म्हणजे मलासुद्धा, कॉलेज शिकणाऱ्याला, तिची खालची पापणी ओढून पाहायचं सुचलं नाही. जिना चढताना ती मधेच थांबायची, ते आम्ही आळस समजलो. लग्न झालं. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अंगात रक्तच नव्हतं हो." त्या वाक्यानंतर मी पुष्कळ ग्रंथ वाचले. ते वाक्य अजून मागं पडलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तर २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा ऐका. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. लोह-फॉलिकच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत आहे. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. आणि कित्येक मुली ती बाकाखाली टाकतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं. त्या गोळीनं चेहरा खुलतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. क्रीमनं खुलतो, हे मात्र दिवसातून दहा वेळा मोबाइल सांगतो.

आणि आता नुसतं सूप राहिलं नाही, सुपातच विस्तव आलाय. खरजेची-नायट्याची म्हणून मिळणारी स्टेरॉइडची मलमं मुली गोरं व्हायला लावतात. पंधरा दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि मलम सोडलं की आग होते. २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मिळतात, हे तुम्हाला मला सांगायला नको. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडतो. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. आपल्याच राज्यात एका घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं अशा क्रीमनं बिघडल्याची बातमी आपण वाचली.

मग करावं काय? मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानातला डॉक्टर आहे, त्याचा दवाखान्यात उपयोग नाही. पण या इतिहासातून एक क्रम निघतो, तो सांगतो.

पहिलं, आग शोधा. चेहरा महिनोन् महिने उतरलेला असेल, धाप लागत असेल, पापणीच्या आत लाली नसेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. कारण एकच नसतं. पाळीत रक्त जास्त जातं, पोटात जंत असतात, कधी थायरॉइडचा दोष असतो. त्यानंही चेहरा सुजट आणि कोरडा होतो. हे डॉक्टर ठरवतील.

दुसरं, ताट पाहा. मेथी, अंबाडीची भाजी, हरभरा, तीळ, बाजरी हे आपल्या रानातलं आहे. त्यावर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. आणि घरातल्या बाईला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. याला खर्च नाही. पण बहुतेक घरांत हेच सगळ्यात अवघड असतं.

तिसरं, झोप. स्वीडनमध्ये २३ माणसांचे फोटो काढले, एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर. ६५ अनोळखी लोकांना ते दाखवले. जागरणानंतरचे चेहरे त्यांना जास्त थकलेले आणि कमी निरोगी दिसले. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या बाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि रात्री अकराला संपतो. तिच्या चेहऱ्यावर कोणतं क्रीम चालणार?

चौथं, ऊन, धूर आणि मिसरी. रानात जाताना पदर किंवा रुमाल तोंडाला घ्या. चुलीचा धूर कोंडू देऊ नका. आणि मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे हे विसरू नका. ती कातडीचा रक्तपुरवठाही कमी करते.

आणि पाचवं, हौस. ती जरूर करा. थंडीत तेल लावा, उटणं लावा, हलक्या हातानं. लिंबू थेट तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. ट्यूबवर नाव-पत्ता आणि घटक छापलेले नसतील तर ती घरात आणू नका. आणि कुठलाही उपाय असो, महिना-दोन महिने धीर धरा. नवी कातडी तेवढा वेळ घेते. पंधरा दिवसांत गोरं करणाऱ्यानं काहीतरी जाळलेलं असतं.

आज इथं मागच्या रांगेत शाळेतल्या मुली बसल्या आहेत. पोरींनो, तुमच्या रंगात काही बिघडलेलं नाही. तोंडावर कळा नाही असं कुणी म्हणालं, तर आरशापुढं रडत बसू नका. खालची पापणी ओढून बघा, आणि आईचीही ओढून बघा. आणि ती निळी गोळी जेवण झाल्यावर घ्या, बाकाखाली टाकू नका. कुणी ऐकलं नाही तर सांगा, बोरीच्या व्याख्यानात एका म्हाताऱ्या मास्तरानं सांगितलंय.